दुधाच्या किटलीतली रोजकीर्द

पोलंड म्हटले की आम्हा कोल्हापूरकडच्या माणसांना आधी वळिवडे आठवते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका आणि मुलेच जास्त. रशियनांनी घरातून उचलून दूर उत्तरेला नेऊन टाकलेली आणि तिथून सुटून देशोदेशी फिरत शेवटी आमच्या पंचगंगेच्या मुलखात पोहोचलेली. माझी आजी त्यांना ‘पोलंडच्या बाया’ म्हणायची. पोलंड हे तिच्या लेखी एखाद्या तालुक्याचे नाव असावे. तर तीन वर्षांपूर्वी लेकीकडे जर्मनीला गेलो असताना, ‘आलोच आहोत तर आजीचे पोलंड पाहून येऊ’ असे बायकोने म्हटले आणि आम्ही दोघे रेल्वेने वॉर्साला गेलो.

वळिवड्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी जे पाहिले ते वेगळे. त्याविषयी लिहायचे आहे.

वॉर्सात यहुदी इतिहास संस्थेची एक जुनी इमारत आहे. दरवाजातून आत गेले की पायाखालची फरशी नीट पाहावी. तिच्यावर आगीचे डाग आहेत, दगड तडकलेला आहे. शेजारीच वॉर्साचे भव्य सिनेगॉग होते. १६ मे १९४३ रोजी जर्मन सैन्याने ते सुरुंग लावून उडवले, तेव्हाच्या आगीचे हे डाग. पुढे इमारत दुरुस्त झाली, फरशी मात्र तशीच ठेवली. वर एका दालनात काचेमागे एक दुधाची किटली ठेवली आहे. आपल्याकडे डेअरीला दूध घालायला सायकलला लावून नेतात तशीच, पत्र्याची, गंजलेली. बायको म्हणाली, ‘अहो, ही तर आपल्या गोठ्यातली.’ त्या किटलीतून निघालेल्या कागदांनी माझी झोप उडवली.

मी बत्तीस वर्षे बँकेत काढली. कागदावर विश्वास ठेवणे हा माझा पेशा होता. माणूस काय सांगतो त्यापेक्षा वहीत काय आहे ते खरे, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. पण वही लिहिली म्हणून कुणाला गोळी घालतात, आणि तरीही माणसे वही लिहीत राहतात, हे मी कधी ऐकले नव्हते.

नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी वॉर्सातल्या यहुद्यांना एका भागात कोंडून भोवती भिंत घातली. शहराची जवळपास तीस टक्के माणसे अडीच टक्क्यांहून कमी जागेत. बाहेरगावचे यहुदीही आणून त्यातच कोंबले. गर्दी सर्वांत जास्त होती तेव्हा हा आकडा साडेचार लाखांच्या घरात गेला होता. सरकारी शिधा माणशी दिवसाला दोनशे कॅलरींहूनही कमी, म्हणजे आपल्या दोन भाकरींइतकाही नाही. १९४२ च्या मध्यापर्यंत तिथे भुकेने आणि रोगाने ८३ हजार माणसे मेली. लक्षात घ्या, अजून गॅसची कोठडी सुरू व्हायची होती.

या भिंतीच्या आत इमॅन्युएल रिंगेलब्लुम नावाचा चाळिशीचा इतिहासकार होता. वॉर्साच्या मध्ययुगीन यहुद्यांवर त्याने डॉक्टरेट मिळवलेली. ऑगस्ट १९३९ मध्ये तो परिषदेसाठी जिनिव्हाला गेला होता. युद्धाचे ढग दिसत होते, तिथेच राहून जाता आले असते. तो परत आला. भिंत बंद होताच त्याने आपल्या माणसांना बोलावले आणि एक गुप्त मंडळ उभे केले. मंडळी शनिवारी भेटत, म्हणून नाव पडले ‘ऑयनेग शाबेस’, म्हणजे शब्बाथचा आनंद. आपल्या रायगडकडच्या बेने इस्रायल तेल्यांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. तोच हा शनिवार. वॉर्सातल्या या लोकांनी त्या दिवशी कामाला सुट्टी दिली नाही, एवढाच फरक.

मंडळात साठेक जण असावेत. शिक्षक, अर्थतज्ज्ञ, पत्रकार, एक रब्बी, काही कोवळी पोरे. पेरेत्झ ओपोचिन्स्की नावाचा एक लेखक घेट्टोत पोस्टमनचे काम करी. दारोदार पत्रे टाकताना काय दिसले ते तो लिहून आणी. राखेल आउअरबाख ही बाई लेश्नो रस्त्यावर सूप वाटपाचे केंद्र चालवी. रोज येणारे चेहरे कसे सुजत जातात आणि एक दिवस यायचे बंद होतात हे तिने लिहिले. हर्श वासर हा चिटणीस. मेनाखेम कोन हा खजिनदार, पैशाचा हिशेब लिहिणारा. (असल्या मंडळातही खजिनदार लागतो आणि त्याचा हिशेब चोख असतो, हे वाचून माझ्यातला जुना अधिकारी सुखावला हे कबूल करतो.)

त्यांनी काय काय जमवले! रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, गोळ्यांच्या चांद्या, नाटकांच्या जाहिराती, जर्मन हुकूमनाम्यांची भित्तिपत्रके, शाळकरी मुलांचे निबंध, विनोद, अफवा, पत्रे. शिवाय मोठमोठ्या प्रश्नावल्या करून लोकांच्या मुलाखती घेतल्या. रिंगेलब्लुमचा आग्रह होता की सगळे लिहायचे, कडू असले तरी. म्हणून त्या कागदांत यहुदी पोलिसांची लाचखोरी आहे, श्रीमंतांची चैन आहे, चोरटा व्यापार आहे, भुकेने आईवर ओरडणारे मूल आहे. आपल्या माणसांना देव करायचे नाही, असा तो दंडक. महत्त्वाच्या कागदांच्या दोन-तीन प्रती करत, एक हरवली तर दुसरी राहावी म्हणून.

हे सगळे कशासाठी? सुरुवातीला त्यांना वाटत होते, युद्ध संपेल, आपण जगू, आणि या कागदांवरून इतिहास लिहू. मग जानेवारी १९४२ मध्ये खेल्मनो इथल्या छावणीतून एक माणूस निसटला. बंद मोटारीत माणसे भरून विषारी धुराने मारायची आणि यहुदी कैद्यांकडूनच त्यांना पुरून घ्यायचे, हे काम तिथे चालले होते. हा त्या पुरणाऱ्यांपैकी एक. तो वॉर्साला पोहोचला. वासर पती-पत्नींनी त्याची हकीकत लिहून घेतली आणि भूमिगत पोलिश संघटनेकडे पोहोचवली. अशा बातम्या लपतछपत लंडनपर्यंत गेल्या. २६ जून १९४२ रोजी बीबीसीने पोलंडमधल्या यहुद्यांच्या कत्तलीची बातमी दिल्याचे रिंगेलब्लुमने आपल्या टिपणांत आनंदाने नोंदवले आहे. आपण आपले काम केले, जगाला कळले, आता काही तरी होईल.

तिथून बरोबर सव्विसाव्या दिवशी, २२ जुलैला, घेट्टो रिकामा करायला सुरुवात झाली. रोज हजारो माणसे मालगाडीत भरून ट्रेब्लिंकाला. सप्टेंबरच्या २१ तारखेपर्यंत अडीच लाखांहून जास्त माणसे गेली आणि मारली गेली.

हे मी मुद्दाम इथे सांगतो. साक्ष दिली की अत्याचार थांबतो असे आपण भाषणांत ऐकतो. त्या सव्वीस दिवसांना काय उत्तर द्यायचे?

कागद वाचवायचे ठरले. लिख्टेनश्टाइन नावाचे शिक्षक आणि त्यांचे दोन माजी विद्यार्थी, दाविद ग्राबर आणि नाखुम ग्शिवाच, यांच्यावर काम सोपवले. ३ ऑगस्ट १९४२, बाहेर धरपकड चाललेली. नोवोलिप्की रस्त्यावरच्या ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात त्यांनी पत्र्याचे दहा डबे पुरले. पुरण्यापूर्वी तिघांनी आपापली चिठ्ठी लिहून डब्यात टाकली. ग्राबर एकोणीस वर्षांचा. त्याने लिहिले की जे आम्हाला जगाला ओरडून सांगता आले नाही ते आम्ही मातीत पुरत आहोत. नाखुम अठराचा. आपल्या आईवडिलांची इमारत वेढली गेल्याचे त्याला मधेच कळले होते. तिकडे धावत जाण्याआधी त्याने आपले नाव पुन्हा एकदा लिहून ठेवले. लिख्टेनश्टाइन गुरुजींनी मागितले एवढेच की आपली बायको चित्रकार गेला सेक्श्टाइन, आणि वीस महिन्यांची मुलगी मार्गोलित, यांची आठवण ठेवावी. गेलाची तीनशेच्या आसपास चित्रे आणि रेखाटने त्याच डब्यांत होती. ती वाचली. ती तिघे नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये आणखी कागद दुधाच्या दोन किटल्यांत भरून तिथेच पुरले. त्यांत ट्रेब्लिंकाहून पळून आलेल्या आब्राम क्शेपित्स्की नावाच्या तरुणाची जबानी होती. राखेल आउअरबाखने ती कित्येक दिवस बसून उतरवून घेतली होती. तो पुढे घेट्टोच्या उठावात मेला. रिंगेलब्लुम बायको-मुलासह एका पोलिश माळ्याच्या बागेतल्या भुयारात लपला. चाळिसेक जण होते तिथे. तिथेही तो लिहीत होता. ७ मार्च १९४४ ला भुयार सापडले. रिंगेलब्लुम, त्याची बायको युदिता, बारा-तेरा वर्षांचा मुलगा उरी आणि आसरा देणारा मिचिस्लाव वोल्स्की, सगळ्यांना मारले. साठ जणांपैकी युद्धानंतर तिघे उरले. वासर पती-पत्नी आणि राखेल आउअरबाख.

घेट्टोची जागा म्हणजे मैलभर विटांचा ढिगारा झाला होता, ना रस्ता ना घर. ‘त्या ढिगाऱ्याखाली कागद आहेत, ते काढा,’ असा धोशा राखेलबाईंनी लावला. वासरला जागा ठाऊक होती. १८ सप्टेंबर १९४६ ला दहा डबे वर आले. झाळलेले नसल्यामुळे त्यांत पाणी शिरले होते, शाई पसरली होती, कागदाला बुरशी लागली होती. दोन्ही किटल्या १ डिसेंबर १९५० ला नव्या घरांचे बांधकाम करणाऱ्या मजुरांना सापडल्या. त्यांतले कागद बरेच चांगले राहिले. एकूण सुमारे पस्तीस हजार पाने. १९९९ मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृतीच्या नोंदीत घेतली. तिसरा भाग दुसऱ्या रस्त्यावर पुरला होता. ती जागा आज चिनी वकिलातीच्या आवारात येते. तिथे खोदून पाहिले, हाती काही आले नाही.

आता दुसऱ्या एका वहीची गोष्ट. घेट्टोचा उठाव मोडणारा सेनाधिकारी युर्गेन स्ट्रूप याने वरिष्ठांसाठी कातडी बांधणीचा एक अहवाल करवून घेतला. छायाचित्रे, रोजचे आकडे, शेवटी बेरीज: पकडलेले आणि मारलेले यहुदी ५६,०६५. अगदी सुबक काम. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा ताळेबंद आहे. फक्त बेरीज. त्यात ओपोचिन्स्कीने पाहिलेला माणूस नाही, मार्गोलित नाही. रिंगेलब्लुमचे कागद म्हणजे रोजकीर्द. कोण आले, काय दिले, काय घेतले, त्या त्या दिवशी. हिशेबातला घोटाळा ताळेबंदावरून सापडत नाही, रोजकीर्द मागवावी लागते, हे कुठलाही तपासनीस सांगेल. डबे निघाले नसते तर स्ट्रूपची वही हीच त्या गल्ल्यांची शेवटची वही ठरली असती. (तीच वही पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुरावा झाली आणि स्ट्रूपला १९५२ मध्ये वॉर्सातच फाशी झाली, हाही एक न्याय.)

पण सव्वीस दिवसांचा प्रश्न सुटत नाही. रवांडात तर तो आणखी टोचतो. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचा प्रमुख जनरल दॅलेर याने ११ जानेवारी १९९४ ला न्यूयॉर्कला तार केली होती. शस्त्रसाठे आहेत, तुत्सींच्या नोंदी होत आहेत, माहितगाराने सांगितले आहे, मला साठे जप्त करू द्या. परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे गेली. तेव्हा जगाला कळले नव्हते असे म्हणायची सोय नाही. कळलेले होते. पुढच्याच वर्षी, जुलै १९९५ मध्ये, स्रेब्रेनिका. तिथे तर संयुक्त राष्ट्रांचे सैनिक उभे होते.

मग साक्षीचा उपयोग काय? मला वाटते, आपण तिच्याकडून चुकीचे काम मागतो. गाडी सुटल्यावर तिने गाडी अडवावी अशी अपेक्षा करतो. रोजकीर्द त्या कामाची नसते. तिच्यातून कळते ते सुरुवातीचे पान. वॉर्साच्या कागदांत गॅस फार उशिरा येतो. आधी दंडाला पट्टी येते. मग कुणी कुठल्या ट्रामने जायचे ते येते. शिधा वेगळा होतो, भिंत होते, भिंतीचा खर्चही आतल्यांकडून वसूल होतो. रवांडातही बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात माणसांच्या ओळखपत्रांवर जमात लिहायला सुरुवात केली होती. साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच कार्डे पाहून गळे कापले गेले. त्याआधी काही महिने रेडिओवरून त्यांना झुरळे म्हटले जात होते. या नोंदी साध्या दिसतात. कुठल्या तरी टेबलावरचा कुठला तरी कारकून त्या करतो, साहेब सही करतो.

आणि कधीकधी साक्षीने कायदा हलतो, उशिरा का होईना. राफाएल लेमकिन हा वॉर्साचाच वकील. १९३९ मध्ये निसटला, स्वीडनला पोहोचला, तिथे बसून जर्मनांनी व्यापलेल्या देशांतले हुकूम आणि राजपत्रे जमवत राहिला. तोही कागदांचाच माणूस. १९४४ च्या त्याच्या ग्रंथात ‘जेनोसाइड’ हा शब्द प्रथम आला. आपण त्याला वंशसंहार म्हणतो. त्याचे एकोणपन्नास नातेवाईक मारले गेले होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला, त्यामागे या एकट्या माणसाने झिजवलेल्या चपला आहेत. त्या कराराखाली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात एखाद्याला पहिल्यांदा दोषी ठरवायला मात्र २ सप्टेंबर १९९८ उजाडावा लागला. रवांडातल्या ताबा गावचा मेयर आकायेसू याला. त्या खटल्यात गावच्या बायकांनी पडद्याआड बसून, नावाऐवजी नुसती अक्षरे घेऊन, आपल्यावर झालेले सांगितले. मूळ आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. त्यांच्या जबान्यांमुळे तो घालावा लागला, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचे हत्यार असू शकते असे न्यायालयाने म्हटले. त्या बायका बोलल्या नसत्या तर ते वाक्य निकालपत्रात आले नसते.

आता माझे थोडे. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

१९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. सुमारे नऊशे माणसे गेली. त्याची वॉर्साशी बरोबरी मी करत नाही, कुणी करू नये. मी तेव्हा गिरणगावालगतच्या एका शाखेत अधिकारी होतो. दंगलीनंतर लोक जळकी पासबुके घेऊन येत. आम्ही प्रतिज्ञापत्र घेऊन दुसरे पासबुक देत असू. आमचा एक खातेदार होता, लाकडी खोकी बनवणारा. दर महिन्याच्या सात तारखेला आवर्त ठेवीचे पन्नास रुपये भरायला यायचा. फेब्रुवारीत तो आला नाही, मार्चमध्ये आला नाही. हप्ते थकले म्हणून कारकुनाने नियमाप्रमाणे शेरा मारला. मी सही केली. पत्ता वहीत होता, शाखेपासून पायी दहा मिनिटे. मी गेलो नाही. तो गावी निघून गेला असेल. बरेच जण गेले होते.

पुढे मी कादंबरीत त्याला घेतले. त्याला म्हातारा केला, एक नातवंड दिले आणि सत्तर पानांनी जळत्या गल्लीत मारले. वाचकांची पत्रे आली, ‘डोळ्यांत पाणी आले’ अशी. मलाही तेव्हा आपण साक्ष दिल्यासारखे वाटले होते. त्या किटलीपुढे उभा असताना कळले की मी त्या माणसाविषयी एकही खरी गोष्ट लिहिलेली नाही. तो मेला की जगला हेसुद्धा मला ठाऊक नाही, आणि मी त्याला मारून मोकळा झालो.

हॉटेलवर आल्यावर बायकोकडून तिची हिशेबाची छोटी वही घेतली. आठवेल तेवढे लिहायचे, जोडायचे काही नाही, असे ठरवले. चाळिशीचा असावा. डाव्या हाताची करंगळी वाकडी. नोटा कधी नसायच्या, सगळी चिल्लर, उर्दू वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली, आणि त्या तुकड्याला भुसा लागलेला. काउंटरवर मोजून झाल्यावर तो कागद परत मागून घ्यायचा. उजव्या खांद्यावर मोजपट्टी. एकदा माझ्या टेबलाचा खण अडकत होता तेव्हा त्याने खिशातून मेणाचा तुकडा काढून खणाच्या कडेला घासून दिला होता, पैसे घेतले नव्हते. खाते क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ४७. नाव सलीम की सलाम, ते नक्की आठवत नाही. दोन्ही लिहून ठेवले आहे.